परवानादार आतोबा

निजामाच्या सबंध मुलखात सरकारचा कायदा मनापासून पाळणारा माणूस एकच झाला, आणि ते म्हणजे आमचे आतोबा. माझ्या थोरल्या आत्याचे हे यजमान. बाकीची रयत कायद्याकडे वाटेवरच्या ओढ्यासारखी बघायची; पाणी असलं तर वळसा घालायचा, नसलं तर सरळ पलीकडे जायचं. आतोबांनी मात्र कायद्याशी संसार मांडला. आत्या म्हणायची, "माझ्याशी लगीन लागलं ते नावाला. खरी बायकू त्या पेटीत हाय." त्या पेटीत, दोन फडक्यांत गुंडाळून, बारूद बाळगण्याचा आणि विहिरीत सुरुंग लावण्याचा सरकारी परवाना ठेवलेला असे. सगळ्या तालुक्यात असा परवाना दुसऱ्या कुणाकडे नव्हता. बारूद मात्र पुष्कळांकडे होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं यातूनच घडलं, आणि ते आठवलं की आजही माझं तोंड कडू होतं.

आतोबांचं गाव बीडहून लिंबागणेशकडे जाणाऱ्या वाटेवर, डोंगराच्या उताराला. वर हातभर माती, तिच्याखाली मुरूम, आणि मुरूम संपला की काळा फत्तर. त्याच्यावर पहार मारली तर ठिणगी निघते, खपली निघत नाही. तरुणपणी आतोबा रेल्वेच्या कामावर गेले होते. तिथे ते सुरुंगाची विद्या शिकले आणि डाव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून परत आले. त्यांच्याबरोबर गावचाच एक सोबती गेला होता. तो बारूद ठासता ठासता विडी ओढायचा. त्याचं फक्त मुंडासं परत आलं. ते आतोबांनीच आणून त्याच्या आईच्या हातात दिलं. त्या दिवसापासून परवाना काढल्याशिवाय बारुदीला शिवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. परवान्यासाठी तहसिलीत किती खेटे घातले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पुढे कुणी बोटांविषयी विचारलं, की उरलेला पंजा पुढे धरून ते शांतपणे म्हणायचे, "हे बिनपरवान्याचं काम हाय."

परवाना उर्दूत होता. आतोबांना सही करतानाही घाम फुटायचा, मग उर्दू कुठून येणार? मी तेव्हा बीडला एका वकिलाकडे कारकुनी करत होतो आणि पोटापुरती उर्दू शिकलो होतो. परवाना हातात पडला तसे ते तडक माझ्या बिऱ्हाडी आले आणि मला समोर बसवून त्यांनी तो वाचून घेतला. मग परत वाचून घेतला. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला आणि त्यांना सगळी कलमं तोंडपाठ झाली. दुसऱ्या दिवसापासून अंघोळीनंतर सूर्याला पाणी घालताना, जिथे लोक स्तोत्र म्हणतात तिथे आतोबा परवाना म्हणू लागले. "बारूद आबादी से दूर, पुख्ता कोठी में, ताला लगाकर रखी जाएगी. कोठी के नजदीक आग, चिराग, हुक्का मना है. सुरंग उडने के बाद परवानादार खुद पहले नीचे उतरेगा." शेजारच्या बायकांना वाटलं, बाबांना कुणा पीराने मंत्र दिलाय. एकीने तर तापाने फणफणलेलं पोर आणून त्यांच्यापुढे बसवलं. आतोबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून पहिली दोन कलमं म्हटली, आणि काय सांगावं, पोराचा ताप उतरला. त्यानंतर गावात सरकारविषयी थोडाफार आदर उत्पन्न झाला, तेवढाच.

कोठी त्यांनी गावाबाहेर स्वतःच्या शेतात, दगडाची बांधली. राहतं घर पडायला आलं होतं तरी आधी कोठी बांधली. शेताच्या बांधावर एक दगडी कोनाडा केला. येणाऱ्याने काडेपेटी, चकमक, विड्या, जे काय पेट घेईल ते कोनाड्यात ठेवायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. आत जाताना पायात वहाण चालत नसे, तिला खिळे असतात म्हणून. गावचे पाटील एकदा तोंडात पेटती विडी धरून बांधावर आले. आतोबा आडवे झाले. पाटील म्हणाले, "बे, मला वळखत न्हाईस का?"

"वळखतो की, पाटील. बारूद न्हाई वळखत."

पाटलांनी विडी टाकली, पण ते अढी धरून बसले. अशा अढ्या आतोबांनी जन्मभर जमवल्या, आणि त्यांपैकी एकही वाया गेली नाही. घरात तर आत्याची परवड चालायची. पावसाळा सरला की सर्द झालेली बारूद उन्हात पसरायचा एक दिवस असे. कामाच्या दिवसांत आत्या चूल मांडायची ती शेतातली खोपी नि कोठी यांच्यात चांगलं अंतर होतं, तरी त्या दिवशी आत्याने चूल पेटवायची नाही, असा दंडक. आदल्या दिवशीच्या भाकरी, कांदा आणि ठेचा. आत्या ठेचा वाढता वाढता म्हणायची, "एकादशीला निदान भगर तरी शिजती. ह्या सरकारी उपासाला तेबी न्हाई." आतोबा मुकाट्याने भाकरी मोडत. बायकोपुढे कलम काढू नये एवढं व्यवहारज्ञान त्यांना होतं.

परवान्यात असं लिहिलं होतं की, सरकारी अंमलदार अधूनमधून येऊन कोठीचा मुआयना, म्हणजे तपासणी, करील. आतोबा वाट पाहत राहिले. अंमलदार काही फिरकेना. बीडला जाऊन त्यांनी तशी आठवणही दिली, तेव्हा कचेरीतले लोक त्यांच्याकडे पाहून हसले. आता कलम तर मोडता येत नव्हतं. मग आतोबांनी तोड काढली. अमावास्या झाली की ते ठेवणीतली पगडी घालून, काठी घेऊन, वाटेने जाऊन बाहेरून यायचे, बांधावर उभे राहून स्वतःलाच दरडावायचे, "परवाना दिखाव." मग पगडी काढून अदबीने, "हा घ्या, साहेब." पुन्हा पगडी घालून कुलूप ओढून पाहायचे, भिंतीला कान लावायचे, उंदरांची बिळं शोधायचे. एकदा तर कोठीच्या दारात वाळका पाचोळा सापडला म्हणून त्यांनी स्वतःला इतकं फैलावर घेतलं की, बांधावर उभ्या आत्यालाच कळवळा आला. ती म्हणाली, "आता ऱ्हाऊ द्या की. साहेब जेवून जानार का?" आतोबांनी पगडीखालूनच उत्तर दिलं, "साहेब सरकारी कामावर हायेत. तुमचे मालक जेवतील."

हसायला येतं ना? आम्हीही हसलो. पण माझ्या बहिणीच्या लग्नात कुणी हसलं नाही. व्याही युसूफ वडगावकडचे, तालेवार. वरातीसाठी त्यांनी आतषबाजी आणली होती. नवरदेव घोड्यावर, ताशा वाजतोय, आतषबाजीच्या झाडाला वात लागणार, तोच आतोबा गर्दीतून पुढे झाले आणि दारूकाम करणाऱ्याला म्हणाले, "परवाना?" त्या बिचाऱ्याने हा शब्दच आयुष्यात प्रथम ऐकला असावा. त्याला वाटलं धाड आली. त्याने टोपलं डोक्यावर घेतलं आणि तो जो ज्वारीच्या रानात शिरला तो परत दिसला नाही. वरात अंधारात, नुसत्या मशालींवर निघाली. मशाली तेवढ्या आतोबांनी चालू दिल्या, कारण मशालीला परवाना लागत नाही. व्याही पुढे कितीतरी दिवस आमच्या उंबऱ्याला आले नाहीत. वडील आतोबांवर कडाडले तेव्हा ते खाली मान घालून एवढंच म्हणाले, "मुंडासं परत नेऊन द्यायला लई जड असतं, दादा."

यानंतर त्यांच्या दिव्याचं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे विहिरीत पहिला सुरुंग लावायच्या आधी पूजा करतात. खड्ड्याच्या काठावर पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दिवा लावायचा, ऊद जाळायचा, नारळ फोडायचा. आणि तिथेच हातभर अंतरावर बारुदीची थैली. आतोबांनी ऊद बंद केला. दिव्यावर मात्र लोक अडून बसायचे. दिव्यावाचून देवाला कळायचं कसं? शेवटी आतोबांनीच रीत पाडली. दिवा आणायचा, तेल घालायचं, वात ओढायची, आणि तसाच न पेटवता ठेवायचा. "देवाला वात दिसती," ते म्हणायचे. "पेटवायचं त्याला वाटलं तर तो पेटवील." नशीब, देवाने कधी मनावर घेतलं नाही. त्यांच्या सुरुंगाने पंचक्रोशीत एवढ्या विहिरी झाल्या, पण कुणाचं नखसुद्धा दुखावलं नाही. ही गोष्ट गावात कधी कुणी बोलून दाखवली नाही. न झालेल्या अपघाताचं कौतुक कोण करतो?

गावापलीकडे टेकाडावर धनगरांची वस्ती होती. पाच-पन्नास माणसं आणि मेंढरं मोजता येऊ नयेत एवढी. त्यांना स्वतःचं पाणी नव्हतं. बाया घागरी घेऊन गावच्या विहिरीवर यायच्या आणि गावच्या बायांचं भरून होईपर्यंत बाजूला उभ्या राहायच्या. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की त्यांना हटकलंच जायचं. मग शेजारच्या गावच्या देशमुखांच्या मळ्यातल्या विहिरीवर जायचं, आणि पाण्याआधी शिव्या पोटभर प्यायच्या. पाऊसकाळात इथून थोड्याच अंतरावर कपिलधारेला कड्यावरून पाणी कोसळतं, लोक लांबून बघायला येतात. आणि या बाया मात्र घागरभर पाण्यासाठी मान खाली घालून उभ्या. वस्तीतली एक म्हातारी, धुरपदा तिचं नाव, एके दिवशी आतोबांच्या कोनाड्यापाशी येऊन बसली. जवळ काडेपेटी नव्हती, पण कोनाड्यात काहीतरी ठेवावं लागतं असं तिने ऐकलेलं, म्हणून तिने कमरेची तंबाखूची पिशवी ठेवली. म्हणाली, "बाबा, आमाला एक हीर पाडून द्या. खनायला आमची मानसं हायेत. फत्तर तेवढा तुमी फोडा."

आतोबांनी शब्द दिला. त्यांनी शब्द दिला म्हणजे ते परवान्याचंच एक कलम झालं. हंगामाची कामं सोडून ते टेकाडावर राबले. धनगरांनी माती काढली, मुरूम काढला, आणि मग फत्तर लागला. रोज सकाळी लाल निशाण उभं राहायचं, हलगी वाजवून माणसं नि मेंढरं लांब नेली जायची, सुरुंग उडायचा, आणि धूर विरला की सगळ्यांच्या आधी आतोबा दोर धरून खाली उतरायचे. दुसऱ्या कुणाला ते पहिलं उतरू देत नसत. दुसऱ्या वर्षीच्या फाल्गुनात खालच्या अंगाला दगड ओलसर लागला. धुरपदाने तो ओला खडा पदरात बांधून वस्तीभर फिरवला, घरोघर बायांनी त्याला हात लावून पाहिला. आतोबा म्हणाले, "आजून दोन-चार दणकं. चैतात पानी पेताल तुमी." त्यांनी ठासून सांगितलेलं आणि खोटं ठरलेलं हे एकच वाक्य.

कारण त्याच आठवड्यात देशमुखांच्या मळ्यात स्फोट झाला. देशमुखांना विहीर खोल करायची होती. त्यांच्या घरात बारूद किती आणि कुठून आलेली, हे अख्ख्या तालुक्याला माहीत. परवाना काढणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. आणि आतोबांना बोलवायचं तर विडी कोनाड्यात ठेवावी लागली असती. त्यांनी आपल्याच सालगड्याला सुरुंग भरायला लावला आणि तो गडी जागच्या जागी गेला. माणूस मेला म्हटल्यावर चौकशीसाठी बीडहून पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावर आले. देशमुखांकडे जेवले. हात धुऊन थेट आतोबांच्या बांधावर.

मी त्या दिवशी योगायोगाने गावीच होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. अमीनसाहेब वाईट माणूस नव्हता, आणि हेच मला जास्त झोंबतं. तो शांतपणे म्हणाला, "देखो बाबा, दफ्तर में बारूदवाले का नाम एकच है. तुम्हारा. फिर धमाका दूसरे किसका होगा?"

यावर आतोबांनी काय करावं? त्यांनी विचार केला आणि मान हलवली. "बराबर हाय, साहेब," म्हणाले. त्यांना ते खरोखरच बरोबर वाटलं. सरकारच्या लेखी बारूद एकाच घरात; मग सरकारने दुसरं घर शोधायचं कसं? मी मध्ये पडून सांगू लागलो की, देशमुखांच्या माडीवर जाऊन बघा. साहेब माझ्याकडे कीव करून बघत राहिला. देशमुखांची माडी दफ्तरात नव्हती.

मग आतोबांनी कोठी उघडून दाखवली. किती आणली, किती लागली, किती उरली, चिमूटभर इकडची तिकडे नाही. मला वाटलं, सुटले. साहेबाने ती बारूद पाहिली, कुलूप पाहिलं, झाडून घेतलेली जमीन पाहिली आणि सुस्कारा सोडला. "इतना बराबर हिसाब तो किसी का नहीं रहता," तो म्हणाला. "इसी में कुछ गडबड है." आत्या दारात उभी होती. ती म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी," आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

एवढ्यावर भागलं नाही. जप्त केलेली बारूद बीडला न्यायची होती. जमादाराने ती बैलगाडीत टाकली, वर आपण बसला आणि त्याने विडी काढली. आतोबांच्या हाताला दोर बांधलेला होता. ते जागचे हलेनात. "जमादारसाहेब, विडी कोनाड्यात. गाडीच्या साट्यात गवत घाला, लोखंडाला लोखंड घासतंय. अन् गाडीम्होरं लाल निशान पायजे." जमादार शिव्या देऊ लागला. आतोबांनी परवान्यातलं ते कलम म्हणून दाखवलं, तेव्हा साहेब जमादाराला म्हणाला, "ये जो बोलता है वो कर." पण निशाण धरून उन्हात बीडपर्यंत चालणार कोण? शेवटी ते आतोबांच्याच बांधलेल्या हातांत देण्यात आलं. असे ते निघाले. पुढे निशाण घेतलेला कैदी, मागे बारुदीची गाडी, तिच्या मागे पोलीस. वाटेत समोरून कुणी आलं की कैदीच ओरडायचा, "बाजूला व्हा, विडी विजवा." देशमुखांच्या मळ्यावरून गेले तेव्हा देशमुख माडीवर उभे राहून विडी ओढत होते. आतोबांनी त्यांनाही सांगितलं विझवायला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आज वाटतं, एक दगड घेऊन मारायला हवा होता, कुणाला मारायचा ते कळलं नसतं तरी.

बीडला मी माझ्या वकिलांच्या पायांशी बसलो. ते डोक्याला हात लावून म्हणाले, "अरे, यांच्याकडे परवाना नसता तर मी चुटकीसरशी सोडवले असते. परवाना आहे तिथेच घोळ आहे." तुरुंगात भेटायला गेलो तर आतोबांची तक्रार एकच. कोठडीबाहेरचा कंदील गवताच्या गंजीजवळ टांगलेला आहे, ते धोक्याचं आहे, साहेबांच्या कानावर घाल. टेकाडावरच्या विहिरीचं विचारलं तशी जाळीला धरलेली तीन बोटं तेवढी पांढरी पडली. चैत्र गेला, वैशाख गेला. वस्तीतल्या निम्म्या बिऱ्हाडांनी मेंढरं हाकून परमुलखाची वाट धरली. त्यांतली पुष्कळ मेंढरं वाटेतच मेली.

पाऊसकाळ उलटून गेल्यावर पुरावा नाही म्हणून त्यांना सोडलं. परवाना रद्द झाला. मी अपील करू म्हणालो, तर तेच मला समजावू लागले, "ज्याच्यावर शक आला त्याचा परवाना ऱ्हात न्हाई. कलम हाय तसं. तूच वाचलंतंस." मला राग आवरेना. मी म्हणालो, "मग आणा बारूद देशमुखांसारखी. सगळा तालुका आणतो. दोन-चार दणक्यांचं तर काम आहे." धुरपदाही येऊन बसली होती. ती म्हणाली, "आमी आनून देतो, बाबा. मेंढरांच्या लोकरीत घालून आनू. कुनाला कळतंय?"

आतोबांनी आपल्या डाव्या पंजाकडे बघितलं. "मला कळंल की," म्हणाले.

मी रागारागाने बीडला निघून आलो. पुढचं आत्याकडून कळलं आणि मग जाऊन पाहिलं. रेल्वेच्या कामावर एका म्हाताऱ्या वडाराने आतोबांना सांगितलं होतं की, सुरुंग नव्हते तेव्हा लोक फत्तर जाळाने फोडायचे. दगडावर दिवसभर जाळ करायचा, तो लाल तापला की वरून गार पाणी ओतायचं. दगड तडकतो, मग पहारीने खपल्या काढायच्या. जाळाला परवाना लागत नाही. ज्या माणसाने जन्मभर वात पेटू दिली नाही, तो विहिरीच्या तळाशी बाभळीची लाकडं नि मेंढरांच्या वाळक्या लेंड्या रचून रोज आग लावू लागला. पाणी बाया आणायच्या, तेच गावच्या विहिरीवरून, ताटकळत, शिव्या खात. आणि ते न पिता दगडावर ओतायच्या. मी गेलो तेव्हा धुरपदा डोक्यावरची घागर उतरवत होती. मला बघून म्हणाली, "आदी दगडाला पाजायचं. मग तो पाजतो."

खाली धूर कोंडून राहायचा. धनगरांची तरणी पोरं म्हणायची, बाबा, आमी उतरतो. आतोबा ऐकत नसत. दणका झाल्यावर परवानादाराने पहिलं उतरायचं असतं. परवाना नव्हता, दणकाही नव्हता, कलम तेवढं उरलं होतं. खोकत खाली जायचे, खोकत वर यायचे. आत्या काढा करून ठेवायची, तोही थंड झाल्यावर घ्यायचे. मी म्हणालो, "कावून असं करताय? परवाना तर त्यांनी फाडला." ते म्हणाले, "कागद फाडला. म्हातारीला शब्द दिलाय तो कुठं फाडला?" त्या वेळी मी त्यांच्याशी पुष्कळ भांडलो. त्यांच्यापुढे देशमुखांना शिव्या दिल्या, अमीनाला दिल्या, सरकारला दिल्या. ते खोकत खोकत ऐकून घेत होते, आणि मध्येच म्हणाले, "हळू. त्येंचा काय दोष? त्येंला खरं म्हाईतच न्हाई."

पाणी लागलं ते पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर. आतोबा नेहमीप्रमाणे आधी उतरले आणि बराच वेळ वर काही आवाज आला नाही. मग त्यांचं मुंडासं दोराला बांधून वर आलं. काठावर कुणी त्याला हात लावेना. धुरपदाने ते सोडून हातात घेतलं, तर ते ओलं चिंब होतं, पिळलं तर पाणी गळत होतं. खोकल्यामुळे त्यांना हाक मारता येत नव्हती, म्हणून त्यांनी मुंडासंच भिजवून पाठवलं होतं.

पूजेला मी होतो. पाच खडे मांडले, हळदकुंकू झालं, नारळ फुटला, आणि धुरपदाने तेल-वात घातलेला दिवा काठावर तसाच ठेवला. आतोबा बाजेवर पडून होते. म्हणाले, "लाव की गं आता. बारूद कुठं हाय?" म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, बाबा. तुमच्या हातची हीर हाय." आतोबा डोळे मिटून पडून राहिले, आणि त्यांच्या पापण्या ओल्या झालेल्या मी पाहिल्या. पुढची दिवाळी काही त्यांनी बघितली नाही. तो खोकला त्यांना घेऊन गेला. आत्याने चिता पेटताना बघितली नाही, म्हणाली, "त्येंला आवडायचं न्हाई."

आता निजाम गेला, अमीन गेले, देशमुखांची माडीही गेली. मागे त्या बाजूला कामासाठी गेलो होतो, तेव्हा टेकाडावर चढलो. विहिरीवर रहाटाचा आवाज येत होता. कुणा नव्या सुनेची पाण्याची पूजा चालली होती. पाच खडे, हळदकुंकू, आणि एका दगडावर कोरा दिवा, तेल भरलेलं, वात ओढलेली. वारा पडलेला होता. मी खिशातली काडेपेटी काढून त्या पोरीला म्हणालो, "बाई, दिवा लावायचा राहिला की."

ती लाजली. म्हणाली, "न्हाई, आमच्यात हिरीवर दिवा पेटवत न्हाईत."

"कावून?"

"म्हाईत न्हाई बा. लई पयल्यापासून असंच हाय." मग माझ्या हाताकडे बघत संकोचून म्हणाली, "अन् दादा, ती काडेपेटी तिकडं लांब ठिवा."

मी वाटेपर्यंत परत गेलो, काडेपेटी एका दगडावर ठेवली, वहाणा काढल्या, आणि मग पाणी प्यायला विहिरीवर आलो.